गळवाल्याची हवेची नाव

प्रश्न : मी धुळ्याचा, सासुरवाडी भुसावळची. त्यामुळे कधी अक्कलपाड्याला, तर कधी हतनूरच्या पाणफुगवट्यावर गळ टाकून बसणे होते. काठावरून गळ हवा तिथे पोचत नाही, म्हणून गाडीच्या डिकीत मावेल अशी हवा भरायची कयाक घ्यावी म्हणतो. मित्र हसतात. म्हणतात, "ट्रॅक्टरनी ट्यूब शे ना, कयाक कसाले?" घ्यावी का? आणि घ्यायची तर काय बघून?

उत्तर : मित्रांचे बोलणे अगदीच वाऱ्यावर सोडू नका. राज्यातल्या कितीतरी धरणांवर पोटासाठी मासे धरणारी माणसे आजही ट्यूबवर नाहीतर थर्माकोलवर बसूनच जाळे लावतात. त्याआधी वाळलेले भोपळे बांधून नदी पार करत. त्या तराफ्याला सांगड म्हणायचे. आपण दोन गोष्टींची 'सांगड घालतो' ती याच घराण्यातली. म्हणजे हवेवर तरंगणे आपल्याला नवे नाही. पण ट्यूबमध्ये हवेचा कप्पा एकच. तो फुटला की तुम्ही पाण्यात. बऱ्या कयाकला निदान तीन कप्पे असतात, दोन बाजूंचे आणि एक तळाचा. एक गेला तरी उरलेल्या दोघांना धरून काठ गाठता येतो. पैसे मोजायचे ते यासाठी. तेव्हा दुकानात रंग आणि गळ अडकवायच्या खाचा बघण्याआधी कप्पे मोजा, आणि प्रत्येकाची झडप वेगळी आहे ना, तेही बघा.

आता आपल्या भागाचा खरा शत्रू : ऊन. माहितीपत्रक छापणाऱ्याने भुसावळचा मे महिना पाहिलेला नसतो. साध्या पीव्हीसीच्या कयाकमध्ये दाब फार थोडा असतो, साधारण १ पीएसआय. (मोटारीच्या चाकात तिसाच्या आसपास असतो.) पण बाहेरच्या वातावरणाचाच दाब १४.७ असल्यामुळे आतला खरा दाब होतो पावणेसोळा. सकाळी २५ अंशांना कयाक टम्म फुगवली आणि उन्हात ती ४५ अंशांवर गेली, तर या पावणेसोळात सातेक टक्क्यांची, म्हणजे जवळपास १ पीएसआयची भर पडते. १ चे २ झाले! कापड थोडे ताणले जाते, म्हणून प्रत्यक्षात वाढ जरा कमी भरेल, पण शिवण उसवायला तेवढी पुरते. अशा कयाक पाण्यात नाही, काठावर फुटतात. मालक बाभळीखाली डबा खात असतो तेव्हा. म्हणून काठावर हवा थोडी कमीच भरायची, पाण्यात उतरवल्यावर उरलेली भरायची, आणि बाहेर काढली की आधी झडप सैल करायची. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरकडे तर फिरकूच नका. दोन्ही बाजूंनी हवा ढकलणारा हातपंप पुरे.

दुसरा प्रकार असतो आत हजारो धागे विणलेल्या कडक तळाचा. तो ८-१० पीएसआय धरतो आणि फळीसारखा ताठ राहतो. महाग आहे, पण गळवाल्याने शक्य असेल तर निदान तळ तरी असा घ्यावा. मऊ तळावर मांडी घालून चार तास बसलात की कंबर सांगेल. रुंदी ९० सेंटिमीटरच्या आसपास हवी. अरुंद कयाक पळते छान, पण मासा ओढताना कलंडते. आणि पत्रकात १८० किलो वजन लिहिले असेल तर तुम्ही सव्वाशेच्या वर जाऊ नका.

काट्यांचे दोन प्रकार सांभाळायचे. काठावर वेडी बाभूळ. पाणी ओसरले की तिचे खुंट चिखलात टोक वर करून उभे असतात. आणि नावेत शिंगाळा. त्याच्या कल्ल्यामागचा करवती काटा हाताला लागतो तसा पीव्हीसीलाही लागतो. चिलापीच्या पाठीचे काटेही कमी नाहीत. तळाला ओले गोणपाट अंथरा आणि मासा थेट झाकणाच्या बादलीत टाका. भोक पडलेच तर सायकलचे सोल्युशन चालत नाही, ते रबरासाठी असते. पीव्हीसीचा तुकडा आणि पीव्हीसीचाच गोंद जवळ ठेवा. घरी आणल्यावर पुसून वाळवा. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. उन्हाने वाचली तर उंदीर खातील.

वाऱ्याचे म्हणाल, तर साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत, आणि अक्कलपाडा त्याच तालुक्यात. हवेची नाव पाण्यावर पानासारखी तरंगते आणि पानासारखीच वाहते. खाली बसवायचे पाते मिळत असेल तर घ्या, पण ते काढता येणारे हवे. हतनूरला पूर्णेने आणलेला गाळ इतका आहे की उथळात ते रुतते. जाताना वाऱ्याच्या तोंडावर वल्हवा, म्हणजे दमून परतताना वारा पाठीशी असेल. पावसाळ्यात हतनूरचे ४१ दरवाजे कधी उघडतील याचा नेम नाही, तेव्हा भिंतीच्या बाजूला जायचेच नाही. लाइफ जॅकेट बुडाखाली घेऊन बसायचे नसते, अंगात घालायचे असते.

कयाक मागवण्याआधी एक करा. धरणातल्या मासेमारीचे हक्क मत्स्यव्यवसाय विभाग सहकारी संस्थांना ठेक्याने देतो. तुमच्या पाण्यावर ज्या संस्थेचा ठेका असेल तिच्या माणसांना भेटा आणि परवानगी विचारा. नाही म्हणाले, तर कयाक घेऊन करणार काय? हो म्हणाले, तर पाण्याखाली बाभळी कुठे उभ्या आहेत ते त्यांनाच विचारून घ्या, कारण त्यांची जाळी रोज तिथेच अडकतात.