कुर्बानी, पेरणी आणि मनावरील ओझे

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असल्यामुळे आपले सण सर्व ऋतूंमधून फिरत राहतात. 2024 साली ईद-उल-अज़हा 17 जूनला आली. 2025 साली 7 जूनला, म्हणजे मृग नक्षत्र लागण्याच्या सुमारास. धाराशिव जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबाला या दिवसांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. सोयाबीनचे बियाणे, खताच्या गोण्या, मुलांची वह्या-पुस्तके आणि त्याच पंधरवड्यात कुर्बानीचा बोकड! जिल्हा अवर्षणप्रवण, पाऊस वेळेवर पडेल की नाही ही धास्ती आधीच मनात घर करून असते. मग सण जवळ येऊ लागतो तशी कर्त्या पुरुषाची झोप उडते, घरात शब्दाला शब्द लागतो आणि गृहिणी न बोलता राबत राहते.

हा ताण केवळ मनापुरता राहत नाही. सततच्या काळजीने शरीरात स्रवणारी संप्रेरके रक्तदाब व रक्तातील साखर वाढवतात, पचन बिघडवतात. म्हणून प्रश्न विचारलाच पाहिजे: हे ओझे अल्लाहने आपल्यावर टाकले आहे की आपणच ते उचलले आहे?

आपल्या भागातील उस्मानाबादी शेळी दूरवर प्रसिद्ध आहे. जिल्ह्याचे नाव बदलले तरी शेळीने आपले नाव सोडलेले नाही. बहुधा काळ्या रंगाची, कमी चाऱ्यावर तगणारी ही जात कोरडवाहू कुटुंबाचा आधार आहे. अडीनडीला तीच विकून घर चालते. ईदच्या आधी मात्र बाजारात तिच्या बोकडाला चढा भाव येतो आणि खरेदीला स्पर्धेचे रूप येते. शेजाऱ्याने किती रुपयांचा आणला, आपला त्याहून हलका दिसेल काय, सोयरे काय म्हणतील? भ्रमणध्वनीवरून बोकडाची छायाचित्रे किमतीसह फिरू लागली की उपासना मागे पडते आणि प्रदर्शन पुढे येते. सूरह अल-हज्जच्या 37 व्या आयतीत तर स्पष्ट केले आहे की जनावराचे मांस व रक्त अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, पोहोचतो तो तुमचा तकवा. बोकडाच्या वजनाची चर्चा करणाऱ्यांनी ही आयत पुन्हा एकदा समजून वाचावी.

कुर्बानीचे कर्तव्यही सामर्थ्याशी बांधलेले आहे. हनफी मतानुसार ती वाजिब आहे, परंतु साहेबे निसाबवर. म्हणजे मूलभूत गरजा आणि देणी वजा जाता सुमारे 612 ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी संपत्ती ज्याच्याकडे उरते त्याच्यावर. इतर इमामांच्या मते ती ताकीद असलेली सुन्नत आहे. पीककर्जाची रक्कम हाती आली म्हणून कोणी संपन्न ठरत नाही. आपल्यावर कुर्बानी लागू होते किंवा नाही, हे गावातील जाणत्या आलिमांना हिशेब दाखवून विचारावे, शेजाऱ्याच्या दावणीकडे पाहून ठरवू नये. सावकाराकडून व्याजाने पैसे काढून कुर्बानी करणे म्हणजे तर एका उपासनेसाठी निषिद्ध गोष्टीचा आश्रय घेणे होय. आणि ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी केवढा दिलासा आहे! प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एक मेंढा स्वतःच्या व आपल्या उम्मतपैकी ज्यांनी कुर्बानी केली नाही त्यांच्या वतीने अर्पण केला, असे अबू दाऊद व तिर्मिज़ी यांच्या संग्रहांत नमूद आहे. ज्याचे नाव प्रेषितांनी (स.) आपल्या कुर्बानीत घेतले, त्याने गल्लीत मान खाली का घालावी?

ताणाचा मोठा वाटा स्त्रियांच्या पदरी पडतो, याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. मांसाचे वाटे, साफसफाई, पाहुण्यांची ये-जा, तिन्ही दिवस धगधगती चूल. पुरुष मात्र ईदगाहहून परतून बैठकीत बसलेले. हजरत आयशा (रजि.) यांना विचारले असता त्यांनी सांगितले होते की प्रेषित (स.) घरी असत तेव्हा घरच्या कामात हातभार लावीत आणि नमाजची वेळ होताच निघत. ही सुन्नत ईदच्या दिवशी रजेवर जात नाही.

खाण्यापिण्याबाबत थोडक्यात. मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांनी सणाच्या गडबडीत औषधाची गोळी चुकवू नये; मीठ, चरबी व गोड आवरते घ्यावे; उन्हाळ्यात मांस फार वेळ उघडे ठेवू नये. पोटाचा एक तृतीयांश अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ही प्रेषितांची (स.) शिकवण सर्वांना पाठ असते, दस्तरखानावर मात्र ती आठवत नाही.

चिंता, दुःख आणि कर्जाचा बोजा यांपासून अल्लाहचा आश्रय मागणारी दुआ सहीह बुखारीत आहे. प्रेषितांनी (स.) चिंता आणि कर्ज एकाच दुआत घेतले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ही दुआ सकाळ-संध्याकाळ करावी आणि सोबतच घरात बसून, पत्नीसह, कागदावर हिशेब मांडावा: बियाणे किती, शाळा किती, ईद किती. परंतु झोप, भूक हरपली असेल, जगणे नकोसे वाटत असेल तर त्याला ईमानची दुर्बलता समजून लपवू नये. उपचार घेण्याची आज्ञा प्रेषितांनीच (स.) दिली आहे. जवळच्या शासकीय रुग्णालयात जावे, किंवा शासनाच्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर बोलावे. ही सेवा विनामूल्य असून मराठीतूनही बोलता येते.