दुःखिताच्या दारी मंडळीचे कर्तव्य

शास्त्रपाठ: लूक 10:25-37

निलंगा तालुक्यातील बंधुभगिनींस 30 सप्टेंबर 1993 ची पहाट सांगावयास नको. किल्लारीच्या त्या भूकंपासारख्या समयी ढिगाऱ्याखालून हाक आली, तर त्या मनुष्याची चालचलणूक कशी होती, हे कोणी विचारीत बसत नाही. परंतु काही संकटे अशी असतात की, तेथे साहाय्याआधीच आपण चौकशी करू लागतो.

डॉ. रामचंद्र श्रीनिवास सिरस हे नागपूरकडील मराठी कवी. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात ते मराठी शिकवीत. ते समलिंगी होते. 8 फेब्रुवारी 2010 च्या रात्री काही माणसे कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली व त्यांचे खाजगी जीवन त्यांनी चव्हाट्यावर मांडले. विद्यापीठाने त्यांस निलंबित केले. 1 एप्रिल रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्या निलंबनास स्थगिती दिली. परंतु 7 एप्रिल रोजी ते भाड्याच्या खोलीत मृत आढळले.

अशा समयी ख्रिस्ती मंडळ्या कशा वागल्या, ह्याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. 24 जून 1973 रोजी न्यू ऑर्लिन्स शहरात समलिंगी लोक जमत त्या मद्यगृहास आग लावली गेली व 32 जण मेले; त्यांत एका मंडळीचे पाळकही होते. मृतांसाठी प्रार्थना करावयास अनेक मंदिरांची दारे बंद राहिली. विल्यम रिचर्डसन ह्या एपिस्कोपल पाळकांनी आपले मंदिर उघडले, म्हणून त्यांच्या बिशपांनी त्यांस बोल लावला. चाळीस वर्षांनी, 2013 साली, तेथील रोमन कॅथॉलिक आर्चबिशपांनी त्या वेळच्या मौनाविषयी क्षमा मागितली. परंतु शोक करणाऱ्यांस सांत्वनाची गरज 1973 साली होती.

कोणी म्हणेल, “आपण त्या घरी गेलो, तर लोक आपणांसही नावे ठेवतील.” शोमरोन्याने जखमी मनुष्याचा पूर्ववृत्तांत विचारला नाही. त्याने जखमा बांधल्या, त्याला उतारशाळेत नेले व पैसेही भरले. याजक व लेवी मात्र बाजूने निघून गेले.

म्हणून आम्ही उपदेशकांस विनंती करतो: असा प्रसंग घडल्यास त्याच दिवशी त्या घरी जा, विहिरीवरची व पारावरची कुजबुज पुढे नेऊ नका, अंत्यविधी इतरांसारखाच करा, घरच्यांनी टाकलेल्या मुलास आसरा द्या.

पाठ संपल्यावर मंडळीस एकच प्रश्न विचारावा: आपल्या गावी असे कोणते घर आहे, की ज्याच्या दारावरून आपण बाजूने निघून गेलो?