जादूचें शस्त्र कसें रचावें?

विद्यार्थिमित्रहो, सुटींत चार मित्र एकत्र जमले म्हणजे कोणता खेळ खेळावा, हा प्रश्न नेहमींच पडतो. बुद्धिबळांत दोघांचेंच काम. क्रिकेटास मैदान पाहिजे. आणि पत्ते काढले कीं वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. अशा वेळीं खेळण्याजोगा एक कथाखेळ आहे. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नांवानें तो तीन लहान पुस्तिकांत प्रसिद्ध केला, आणि पुढें तो जगभर पसरला. यांत एकजण सूत्रधार होतो. बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, पात्रें आपण काय करणार तें बोलून दाखवितात, आणि यश कीं अपयश याचा निकाल फांसा देतो. साहित्य म्हणाल तर कागद, पेन्सिल व वीस बाजूंचा फांसा. फांशांचा नाद आपणांकडे नवा नाहीं. कन्नडहून छत्रपति संभाजीनगरास जातांना वाटेंत वेरूळ लागतें. तेथील लेण्यांत प्रत्यक्ष शिवपार्वतीच सारीपाट खेळतांना कोरलेलीं आहेत.

या कथाखेळांत मुलांस मोठी हौस असते ती जादूच्या शस्त्राची. तें शस्त्र विकत आणावयाचें नसून मनानें रचावयाचें असतें. तें कसें रचावें, याचाच विचार आम्ही येथें करणार आहों.

बहुतेक मुलें आरंभींच शस्त्र अजिंक्य करून टाकतात. त्याचा परिणाम गणितानें पाहूं. समजा, शत्रूवर घाव बसण्यास फांशावर ११ किंवा अधिक दान पडावें लागतें. वीस बाजूंपैकीं दहा बाजू अनुकूल, म्हणजे शक्यता निम्मी. तलवारीच्या जादूनें दानांत १ मिळविला, तर अनुकूल बाजू ११ होतात. ३ मिळविले तर १३. परंतु १० मिळविले तर वीसच्या वीस बाजू अनुकूल! मग फांसा टाकावयाचा तरी कशाला? एकाचा जय आधींच ठरला, कीं बाकीचे तिघे मित्र नुसते प्रेक्षक होऊन बसतात आणि घटकाभरांत खेळ मोडतो. म्हणून शस्त्राचें बळ थोडें ठेवावें, आणि सारी बुद्धि त्याची मर्यादा व त्याची किंमत ठरविण्यांत खर्च करावी.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांस पुरती ठाऊक होती. महाभारतांतील अस्त्रेंच पाहा. कर्णानें कवचकुंडलें देऊन इंद्रापासून वासवी शक्ति मिळविली. पण अट अशी, कीं ती एकदांच चालावयाची. कर्णानें ती अर्जुनासाठीं जपून ठेविली होती. रात्रीच्या युद्धांत घटोत्कच कौरवसेनेचा संहार करूं लागला, सारे सैन्य कर्णाकडे धांव घेऊं लागलें, आणि ती शक्ति त्यास घटोत्कचावर खर्चावी लागली. अट नसती तर त्या प्रसंगीं कर्णाच्या मनाची ओढाताण झालीच नसती. नारायणास्त्राची तऱ्हा निराळी. जो शस्त्र खालीं ठेवील त्यास तें इजा करीत नसे. जो लढूं पाहील त्यावर तें अधिकच उसळे. कृष्णाच्या सांगण्यावरून पांडवसेनेनें शस्त्रें टाकलीं; भीम मात्र हट्टास पेटला, तेव्हां त्यास रथावरून ओढून खालीं आणावें लागलें. पाश्चात्यांच्या आर्थर राजाच्या कथेंतही मर्म तेंच आहे. आर्थरास तलवारीची मोहिनी पडली. परंतु मर्लिन त्यास सांगतो, कीं हिच्यापेक्षां हिचें म्यान दसपटीनें मोलाचें, कारण तें जवळ असेतों घायाळाचें रक्त वाहत नाहीं. तें म्यानच पुढें चोरीस जातें! वर सांगितलेल्या १९७४ च्या पुस्तिकांत तर जादूच्या तलवारीस स्वतःची बुद्धि व अहंकार दिलेला होता. धारण करणारा दुबळा असल्यास तलवारच त्याच्यावर हुकमत चालवी.

दुसरी गोष्ट नांव आणि रूप. शिवछत्रपतींच्या तलवारीचें 'भवानी' हें नांव उच्चारतांच तिच्यामागची सारी श्रद्धा डोळ्यांपुढें उभी राहते. देवगिरीच्या किल्ल्यावर मेंढा तोफ आहे. तिच्या मागील टोकास मेंढ्याचें मुख आहे, आणि तिचें कोरलेलें नांव 'किला शिकन', म्हणजे किल्ला फोडणारी. १५४९ सालीं अहमदनगरास (सध्याचें अहिल्यानगर) ओतलेली व आज विजापुरास असलेली मुलूखमैदान तोफ सुमारें ५५ टन वजनाची आहे. तिचें तोंड सिंहाच्या जबड्यासारखें असून त्यांत हत्ती चिरडलेला दाखविला आहे. ती डागतांच तिच्या आवाजापासून बचावण्यासाठीं गोलंदाज शेजारच्या हौदांत बुडी मारी, अशी आख्यायिका आहे. लोकांच्या कल्पनेनें खऱ्या तोफेसही किंमत जोडून दिली, हें ध्यानांत धरावें.

आतां उदाहरणादाखल आपल्याच तालुक्यांतील एक शस्त्र रचूं. अंतूरच्या किल्ल्याच्या वाटेवर निजामशाही काळाचा एक दगडी स्तंभ आहे. कोणत्या दिशेस कोणतें ठिकाण, तें त्यावर फारसींत कोरलें आहे. येथून पुढें सर्व कल्पना. तो स्तंभ उभारला जात असतां एका लोहाराचा मुलगा गौताळ्याच्या रानांत चुकला. लोहारानें आपणांस ठाऊक असलेल्या साऱ्या वाटा मंत्रानें पोलादांत ओतून एक कट्यार घडविली. त्या कट्यारीच्या टोंकामागून लोक रानांत शिरले आणि मुलगा सांपडला. मुलगा धांवत भट्टीपाशीं आला, तों बाप दारांत उभा राहून विचारीत होता, "बाळ, आपलें घर कोणीकडे रे?" त्या कट्यारीचें नांव 'वाटखूण'.

तिचे नियम असे. घाव घालतांना दानांत केवळ १ मिळवावा. वाट चुकली असतां ती उपसून प्रश्न विचारला, तर तिचें टोंक सुरक्षित वाटेकडे वळतें. येथें फांसा नको. धारण करणारानें आपल्या पात्रास ठाऊक असलेल्या सात ठिकाणांचीं नांवें कागदावर लिहावीं; त्यांत एक स्वतःचें घर असावें. प्रत्येक प्रश्नागणिक त्यानें स्वतः निवडून एक नांव खोडावें. त्या ठिकाणची वाट तें पात्र कायमची विसरतें, आणि सोबत्यानें हात धरून नेल्यावांचून तेथें पोहोंचत नाहीं. शेवटचा नियम हा, कीं ज्या दिवशीं कट्यारीस रक्त लागेल त्या दिवशीं ती वाट दाखवीत नाहीं.

पाहा, यांत बळ किती थोडें आहे! तरी सोबती दरींत अडकला असतां कागदावर दोनच नांवें उरलीं, एक मामाचा गांव व एक आपलें घर, तर कट्यार उपसणाऱ्याचा हात क्षणभर थांबेलच. शिवाय वाट विसरलेल्यास सोबत्यांची गरज लागते, म्हणून कोणी प्रेक्षक राहत नाहीं.

शस्त्र रचून झाल्यावर तें एकदां खेळून पाहावें, आणि तीन प्रश्न विचारावे. इतर खेळाडूंस काम उरलें काय? धारण करणारास कधीं विचार करावा लागला काय? शस्त्र म्यानांत ठेवणेंच बरें, असें त्यास एकदां तरी वाटलें काय? तिहींचें उत्तर होकारार्थी आलें तर रचना साधली. एकही नकार आला तर नियम पुन्हां लिहावे.

पालकवर्गास शंका येईल, कीं शस्त्रांचा खेळ मुलांच्या अंगीं दांडगाई आणील. शंका रास्त आहे. ज्या शस्त्रास मर्यादा नाहीं, तें काल्पनिक असलें तरी मुलांस हेंच शिकवील, कीं बळ फुकट मिळतें व त्याचा जाब कोणी विचारीत नाहीं. परंतु प्रत्येक घावाची किंमत स्वतःच्या अक्षरांत लिहून स्वतःच्या हातानें खोडावी लागली, तर मुलगा घाव घालण्यापूर्वीं थबकतो. ही संवय त्याला खेळाबाहेरही उपयोगी पडेल, अशी आमची समजूत आहे. म्हणून आमची पालकांस विनंति, कीं त्यांनीं एखादे सायंकाळीं मुलांच्या शेजारीं बसून ते कोणते नियम लिहितात तें पाहावें. आणि विद्यार्थ्यांनीं येत्या सुटींत अंतूर व देवगिरी पाहून, आपापलें शस्त्र नांव, घडण, बळ, मर्यादा व किंमत या पांच कलमांत लिहून काढावें.