संत झेली मार्टिन : घर, काम आणि सेवा



मिशन रविवार आला की आपण बाळ येशूच्या संत तेरेजाची आठवण करतो. 1927 साली पोप अकरावे पायस यांनी तिला संत फ्रान्सिस झेवियर यांच्यासोबत मिशनकार्याची आश्रयदाती म्हणून घोषित केले. या वेळच्या मननासाठी मी तिच्या आईचे जीवन निवडले आहे. त्याचे कारण आधी सांगते.

आमच्या मिशन केंद्रातल्या शिवणवर्गाचा हिशेब मी काही वर्षे सांभाळते. पाड्यांवरच्या वारली भगिनी कापडी पिशव्या शिवतात. आम्ही त्या चर्चच्या सणांना विकायचो आणि खपल्या की त्यांचे पैसे द्यायचो. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये त्यांतल्या एकीने मला बाजूला घेऊन विचारले, "ताई, आवणीच्या आधी पैसे मिळतील का?" मी म्हटले, "पिशव्या खपू देत, मग बघू." ती पुढे काही बोलली नाही. मलाही त्यात काही चुकले असे वाटले नाही. आपण सेवा करतो आहोत, मग हिशेबाची एवढी घाई कशाला, असेच मनात होते.

पुढे महिलांच्या एका मेळाव्यात बोलायचे होते, म्हणून मी संत झेली यांच्याविषयी वाचायला घेतले, आणि माझीच चूक माझ्यासमोर आली.

झेली यांचा जन्म 23 डिसेंबर 1831 रोजी फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतात झाला. गरिबांची व आजाऱ्यांची सेवा करण्यासाठी धर्मभगिनी व्हावे ही त्यांची तरुणपणीची इच्छा. आलाँसों शहरात रुग्णालय चालवणाऱ्या भगिनींकडे त्या गेल्या, पण मठप्रमुखांनी त्यांना नकार दिला. झेली खचल्या नाहीत. हे शहर सुईने विणलेल्या लेसेसाठी प्रसिद्ध होते. त्यांनी ती कला शिकून घेतली आणि विशी ओलांडताच स्वतःचा व्यवसाय सुरू केला. 13 जुलै 1858 रोजी घड्याळजी लुई मार्टिन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लुई यांनाही मठात जायचे होते आणि त्यांनाही नकार मिळाला होता. ज्यांना मठाचे दार उघडले नाही अशा दोघांनी मिळून संसार थाटला.

आलाँसोंच्या लेसेचे काम एका हाताचे नसते. एकेका टप्प्याचे काम वेगवेगळ्या स्त्रिया करतात. लहान लहान तुकडे तयार होतात आणि शेवटी ते असे जोडतात की जोड दिसू नये. जोडण्याचे हे अवघड काम झेली स्वतः करत. बाकीचे काम बायका आपापल्या घरी करत. दर गुरुवारी त्या झेलींच्या घरी येत, झालेले काम देत आणि नवे काम घेऊन जात. या बायकांना झेली घरच्या माणसांसारखे वागवत. कोणी आजारी पडली तर रविवारी तिच्या घरी जाऊन विचारपूस करत, लागेल ती मदत करत. गरिबाच्या कामाचे पैसे अडकवून ठेवणे त्या घराला मान्य नव्हते.

हे सारे त्यांनी सुखाच्या दिवसांत केले असे नाही. त्यांना नऊ मुले झाली. 1867 ते 1870 या काळात त्यांतली चार गेली. घरात एक मुलगा मिशनरी धर्मगुरू व्हावा म्हणून हे दांपत्य प्रार्थना करत असे. दोन मुलगे झाले, दोघांनाही योसेफाचे नाव दिले, आणि दोघेही वर्षाचे होण्याआधी देवाघरी गेले. तरीही पहाटे साडेपाचची मिस्सा चुकली नाही. कष्टकऱ्यांची ती मिस्सा. त्यांची दोनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत त्या थकव्याबद्दल लिहितात, कामाच्या ओझ्याने वैतागतात, हट्टी मुलीची काळजी करतात. संत म्हणजे कधी न थकणारी बाई, अशी आपली समजूत असेल तर ही पत्रे ती दूर करतात.

1873 च्या जानेवारीत नववे अपत्य तेरेजा जन्माला आली. बाळ इतके अशक्त होते की जगेल असे वाटेना. झेली पहाटे पायी निघून जवळच्या खेड्यातल्या एका शेतकरी बाईकडे गेल्या आणि तिला घेऊन आल्या. त्या बाईने बाळाला दूध पाजले आणि पुढे वर्षभर आपल्या झोपडीवजा घरी सांभाळले. बंधुभगिनींनो, मिशनकार्याची आश्रयदाती एका गरीब शेतकरणीच्या दुधावर वाचली, हे आपण विसरू नये. गरिबांना देणारे आपणच, असे आपल्याला वाटते. त्यांच्याकडून आपण काय घेतले आहे, हे सहसा मोजत नाही.

एकदा मुलींसह फिरून येताना झेलींना एक गरीब म्हातारा भेटला. त्यांनी छोट्या तेरेजाच्या हाताने त्याला पैसे दिले. तेवढ्यावर न थांबता त्याला घरी नेऊन पोटभर जेवू घातले आणि पायांत जोडे दिले. मुलींनी सेवा पाहिली ती अशी, रोजच्या घरात.

पुढे झेलींना स्तनाचा कर्करोग झाला. जून 1877 मध्ये त्या मुलींना घेऊन लूर्दला गेल्या, पण बऱ्या झाल्या नाहीत. 28 ऑगस्ट 1877 रोजी वयाच्या 45 व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. तेरेजा तेव्हा साडेचार वर्षांची होती. मागे राहिलेल्या पाचही मुली धर्मभगिनी झाल्या. मागितलेला मिशनरी मुलगा देवाने दिला नाही. जी मुलगी दिली ती कार्मेल मठाबाहेर कधी मिशनवर गेली नाही, पण साऱ्या मिशनऱ्यांची आश्रयदाती झाली. 18 ऑक्टोबर 2015 रोजी पोप फ्रान्सिस यांनी लुई आणि झेली या पतिपत्नींना एकत्र संतपद दिले. तो दिवस मिशन रविवारचा होता.

मी पुन्हा पुन्हा त्या गुरुवारवर येते. झेलींनी दान केलेच, पण दानाआधी देणे चुकते केले. मजुराची मजुरी सूर्यास्ताच्या आत द्यावी, अशी जुन्या करारात देवाची आज्ञा आहे. आमच्या शिवणवर्गात मात्र बाजाराची जोखीम आम्ही सर्वांत गरीब बाईच्या पदरात टाकली होती, आणि त्याला सेवा म्हणत होतो.

मी त्या भगिनीची क्षमा मागितली. ती नुसती हसली. आवणी होऊन गेली होती आणि तिने दुकानदाराकडून उसने घेतले होते. आता आम्ही थोडी रक्कम वेगळी ठेवली आहे. पिशव्या हाती आल्या की त्याच दिवशी पैसे देतो. काही पिशव्या न खपता कपाटात पडून राहतात. तो तोटा आता केंद्राचा असतो. तो आम्हाला जड जातो हे खरे. पण त्या भगिनींना तो याहून कितीतरी जड जात होता.

मननासाठी :

1. माझ्या घरी, शेतात किंवा दुकानात काम करणाऱ्या कोणाचे देणे मी अडवून ठेवले आहे का?

2. आजारी पडलेल्या कामकरी बाईच्या घरी मी शेवटचा कधी गेलो किंवा गेले?

3. माझ्या मुलांना सेवा पाहायला मिळते, की फक्त ऐकायला मिळते?

12 जुलै हा संत लुई व संत झेली यांचा सणदिवस. त्या दिवसापर्यंत प्रत्येक कुटुंबाने एक राहिलेले देणे चुकते करावे आणि त्यानंतरच मिशनच्या पेटीत दान टाकावे, ही नम्र विनंती.

संत झेली, आमच्यासाठी विनंती कर.