डीजे लावू नको, चिमे

अगं चिमे, पोलीस भरतीच्या ग्राउंडवरच्या तुम्ही साऱ्या पोरी मिळून बेघरांसाठी दौड काढून राहिल्या, हे आईकडून कळलं. आठशे मीटरचं टायमिंग आणि गोळाफेक सोडून दुसऱ्या कशासाठी सकाळी उठावंसं वाटलं, याचंच मला कौतुक. पण बेत ऐकला आणि राहवलं नाही. ताई आहे, बोलणारच.

आधी तो डीजे रद्द कर. पहाटे साडेपाचला गोंदियाच्या जयस्तंभ चौकातून गाणी वाजवत निघणार म्हणता. बंद दुकानाच्या पायरीवर झोपणाऱ्या माणसाला दुकान बंद झाल्याशिवाय अंग टाकता येत नाही. मग डास, कुत्री, कोणी दारुडा, कोणी हाकलणारा. डोळा लागतो तोच मुळी पहाटे. त्याच्याच नावाने निघालेल्या दौडीने त्याची झोप मोडायची? तुम्हाला गाणी हवीत तर कानात घाला, किंवा सरळ आठ वाजता निघा. ऊन लागेल थोडं, लागू दे.

बॅनरचंही बघ. ‘प्रत्येकाला घरकुल’ लिहिलंय म्हणे. सरकारी घरकुलाच्या यादीत नाव लागायची वाट बघणारा सालेकशाचा किंवा देवरीचा माणूस गरीब आहे, त्याचं कुडाचं घर गळतं, सारं खरं. पण गावात त्याला नावाने हाक मारणारं कोणीतरी आहे, ग्रामसभेत त्याच्यासाठी भांडणारं आहे. स्टेशनबाहेर झोपणाऱ्या म्हातारीला यातलं काहीच नाही. जनगणनेच्या लेखी बेघर म्हणजे उघड्यावर, फुटपाथवर, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात, प्लॅटफॉर्मवर, सिमेंटच्या मोठ्या पाइपात राहणारा. २०११ साली २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत ही माणसं मोजली. देशात १७ लाख ७० हजारांवर भरली, आपल्या राज्यात २ लाखांवर. रात्री कंदील-बॅटऱ्या घेऊन आलेली माणसं पाहून जे उठून अंधारात सरकले असतील, ते कुठल्या रकान्यात गेले कोण जाणे.

तू विचारशील, मग मागायचं तरी काय? मागायला मुद्दा आहे, आणि तो पक्का आहे. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात नियमच होता, शहराच्या दर लाख वस्तीमागे किमान १०० जणांचा कायमचा निवारा, वर्षाचे बारा महिने, दिवसरात्र उघडा. नुसतं छप्पर नाही, तिथे राहणाऱ्याला रेशनकार्ड, बँकेचं खातं, औषधपाणी मिळवून द्यायची जबाबदारीही त्यातच. त्याच २०११ च्या जनगणनेत गोंदिया शहराची वस्ती १ लाख ३२ हजार होती. हिशेब तूच कर. दौडीच्या आधी नगरपरिषदेत जा आणि शांतपणे विचार, आपला निवारा कुठे आहे, बायकांची वेगळी सोय आहे का, नवराबायको-लेकरं एकत्र राहू शकतात का, स्टेशनवर त्याची पाटी लावली आहे का. ही चार उत्तरं लेखी घेऊन ये. मग दौड त्या निवाऱ्याच्या दारात संपव. स्टेडियममध्ये पाहुण्यांच्या भाषणात संपवण्यापेक्षा ते बरं.

आता जरा तुझ्याच कामाचं. भरती झालीस की रात्रपाळीत या माणसांशी सगळ्यात आधी गाठ तुझीच पडणार. मोठा साहेब यायचा असला की ‘प्लॅटफॉर्म मोकळा करा’ असा हुकूम येतो, तो पाळायला उभी असशील तूच. १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा वाचून ठेव. त्यात पोट भरायचं साधन दिसत नाही आणि माणूस सार्वजनिक जागी, भिकेवर जगत असेल असं वाटण्याजोग्या अवस्थेत भटकतोय, एवढ्यावरही त्याला भीक मागणारा ठरवता येतं आणि वॉरंटाशिवाय धरता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्याची शिक्षेची कलमं दिल्लीपुरती रद्द केली. आपल्याकडे त्या निकालाचा अंमल नाही.

पण त्याच खाकीला दुसराही एक कायदा आहे, त्याचं नाव मात्र ग्राउंडवर कोणी काढत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १०० सांगतं, मनाचा तोल गेलेला, स्वतःला सांभाळू न शकणारा माणूस भटकताना दिसला तर त्याला संरक्षणात घेणं हे ठाणेदाराचं कर्तव्य आहे. चोवीस तासांत सरकारी दवाखान्यात न्यायचं, आणि बेघर असेल तर हरवलेल्या माणसाची नोंद करून त्याचे नातेवाईक शोधायचे. म्हणजे हाकलायचा नाही, पोहोचवायचा. कर्जतच्या डॉ. भरत वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार याच कामासाठी मिळाला. रस्त्यावरचे वेडसर म्हणून सोडून दिलेले लोक उपचार करून त्यांच्या घरी, अगदी दुसऱ्या राज्यातल्या गावापर्यंत नेऊन सोडले त्यांनी. गोंदिया तर जंक्शन. बालाघाट, छत्तीसगड, बल्लारशा, सगळीकडून गाडी येते. चुकून इथे उतरलेला माणूस कुठल्या गावचा असेल, सांगता येतं का?

आता परत दौडीकडे. अमेरिकेत फिलाडेल्फियात एक बाई रोज पहाटे धावायची, निवाऱ्यातल्या माणसांच्या समोरून. २००७ मध्ये तिने त्यांनाच सोबत धावायला घेतलं आणि त्यातून ‘बॅक ऑन माय फीट’ ही संस्था उभी राहिली. तेवढं लांबही जायला नको. नागपूरच्या विजय बारसे सरांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला, आणि ती पोरं पुढे बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेली. त्यांच्यावरचा ‘झुंड’ सिनेमा तू तीनदा पाहिलास, पण त्या पोरांना मैदानात घेतलं होतं, कडेला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या नव्हत्या, हे तुझ्या ध्यानात आलं का? तुमच्या दौडीत एक तरी माणूस असा असू दे, जो आदल्या रात्री बाहेर झोपला होता. धावायला नको, चालू दे. नाही म्हणाला तर नाही. जबरदस्तीने टी-शर्ट घालून फोटोत उभा करायचा नाही. फोटोचं तर साफ सांगते, झोपलेल्या माणसाचा एकही नको. तुझा झोपेतला फोटो कोणी चौकात लावला तर आई त्याचं काय करेल, तुला ठाऊक आहे.

तारखेचं म्हणशील तर जागतिक बेघर दिन १० ऑक्टोबरला असतो. त्या दिवशी सुरू करा, हरकत नाही. पण आपल्याकडे धान कापून झाल्यावर जो गारठा पडतो, तो विदर्भात कुठे पडत नाही असा. डिसेंबरात शहरभर ब्लँकेटं वाटली जातात, एकेकाला तीन-तीन. दिवसा ती ठेवायची कुठे, हे कोणी विचारत नाही. कुलूप लागेल अशी एखादी पेटी, एखादा कोपरा मिळवून दिलात तर जास्त उपयोग.

आणि टी-शर्टच्या पाठीमागे नंबर छापायचे तर प्रायोजकाचे छापू नका. लेकरू दिसलं तर १०९८, म्हातारं माणूस दिसलं तर १४५६७, हेल्पलाइनचे एवढे दोनच छापा, मोठे.

शंभर टी-शर्टची ऑर्डर दिली नसशील तर थांब. पन्नासच घे. उरलेल्या पैशाचं काय करायचं ते रविवारी जेवायला ये तेव्हा बोलू, आणि येताना नगरपरिषदेचं उत्तर घेऊन ये.