बागेतील धारक भिंत : पाण्याला वाट, भिंतीला आयुष्य

उतारावरील भूखंडावर घर उभे राहिले, की बागेचा प्रश्न पुढे येतो. पाचगणी असो, डेहराडून असो वा कुन्नूर. उतारावर वाफे करायचे तर जमिनीला पायऱ्या पाडाव्या लागतात आणि प्रत्येक पायरीची माती अडवणारी भिंत बांधावी लागते. तिला धारक भिंत म्हणतात. ही भिंत दगड, वीट वा सळईयुक्त काँक्रीटची असू शकते. सिमेंट-वाळूचा माल मुळीच न वापरता, एकमेकांत अडकणारे काँक्रीटचे ठोकळे नुसते रचून ती उभारण्याची पद्धत १९८० च्या दशकात अमेरिकेत रुजली आणि पुढे अन्य देशांत पसरली. ही पद्धत दिसते सोपी. तिच्या यशाचे मर्म मात्र दर्शनी ठोकळ्यांत नसून त्यांच्या मागे आणि खाली दडलेले असते.

जुनीच परंपरा, नवे साहित्य

कोरडी बांधणी भारतास नवी नाही. कोकणातील जांभ्या दगडाचे गडगे आणि हिमालयाच्या उतारावरील शेतांचे दगडी बांध मालाविना रचलेले असतात. भारतीय मानक ब्यूरोने १९९८ मध्ये डोंगराळ प्रदेशातील धारक भिंतींसाठी मार्गदर्शक मानक प्रसिद्ध केले. त्याचा एक संपूर्ण भाग कोरड्या दगडी भिंतींच्या बांधणीस दिलेला आहे. अशा भिंतीचे दोन गुण आहेत. जमीन थोडी खचली तरी ती तडकत नाही, किंचित हलून पुन्हा स्थिरावते. आणि तिच्या सांध्यांतून पाणी झिरपून जाऊ शकते. काँक्रीटच्या ठोकळ्यांनी या गुणांत एकसारख्या आकाराची भर घातली.

भिंतीवर भार कशाचा?

मातीचा रेटा खोलीबरोबर वाढत जातो. भिंतीची उंची दुप्पट केली, तर एकूण रेटा चौपट होतो आणि भिंत उलथवू पाहणारा जोर आठपट. या विषयाचा गणिती पाया फ्रेंच अभियंता कुलाँ याने १७७६ मध्ये आणि स्कॉटिश अभियंता रँकिन याने १८५७ मध्ये घातला.

एक उदाहरण पाहू. एक मीटर उंचीच्या भिंतीवर चांगल्या निचऱ्याची कोरडी माती दर धावत्या मीटरला साधारणतः ३०० किलोग्रॅम भाराइतका रेटा देते. ३० सेंमी जाडीच्या ठोकळ्यांच्या भिंतीचे तेवढ्याच लांबीतील वजन सुमारे ६५० किलोग्रॅम असते आणि तळाच्या घर्षणाच्या बळावर ती ४०० किलोग्रॅमपर्यंतचा रेटा सोसू शकते. म्हणजे भिंत सुरक्षित. परंतु मागे वरपर्यंत पाणी तुंबले, तर माती आणि पाणी यांचा मिळून रेटा ६५० किलोग्रॅमच्या घरात जातो आणि तीच भिंत पुढे सरकते. भिंत तीच, मातीही तीच. फरक केवळ पाण्याचा. भिंती बहुधा पावसाळ्यातच का पडतात, याचे उत्तर या हिशेबात आहे.

पाया

एक मीटर उंचीपर्यंतच्या भिंतीसाठी सुमारे ६० सेंमी रुंदीचा चर खणावा. त्याची खोली अशी असावी, की तळाशी १५ सेंमी खडी व कच यांचा थर बसेल आणि ठोकळ्यांचा पहिला थर जमिनीखाली पुरला जाईल. पुरलेला थर भिंतीचा पायथा पुढे सरकू देत नाही. म्हणून तो वाया गेला असे मानू नये. खडीचा थर धुम्मसने घट्ट ठोकावा. पहिला थर दोरी व पाणसळ लावून दोन्ही दिशांनी अचूक बसवावा. कामातील निम्मा वेळ येथे गेला तरी चालेल. खालची अर्ध्या सेंमीची चूक वर जाता जाता वाढतच जाते.

ठोकळ्यांची रचना

या कामाच्या ठोकळ्यांना मागील बाजूस ओठ असतो किंवा खुंट्या बसविण्याची छिद्रे असतात. त्यामुळे प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा मागे सरकून बसतो. वीस सेंमी उंचीच्या थरामागे सुमारे दोन सेंमी, असे हे प्रमाण असते. भिंत अशा रीतीने मातीकडे कललेली राहते. सांध्यावर सांधा येऊ देऊ नये. नवा थर रचण्यापूर्वी खालच्या थराचा माथा झाडून घ्यावा, कारण एखादा खडाही ठोकळा डळमळीत करतो. पोकळ ठोकळे असल्यास पोकळीत खडी भरावी.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. घराच्या भिंतींसाठी मिळणारे साधे काँक्रीट ब्लॉक मालात बसविण्यासाठीच घडविलेले असतात. स्वस्त म्हणून ते कोरडे रचून माती अडविणे धोक्याचे आहे.

निचरा : भिंतीचा प्राण

सांधे मोकळे असल्याने वेगळ्या निचऱ्याची गरज नाही, हा सर्वांत महाग पडणारा गैरसमज आहे. बारीक माती पाण्याबरोबर वाहत येऊन सांधे बुजवते आणि मग पाणी अडते. म्हणून भिंतीच्या मागे ३० सेंमी रुंदीचा स्वच्छ खडीचा पट्टा भरावा. खडी आणि माती यांच्यामध्ये पाणी सोडणारे पण माती रोखणारे भू-वस्त्र घालावे. तळाशी १०० मिमी व्यासाचा छिद्रांकित नळ शंभरास एक उताराने ठेवून त्याचे तोंड मोकळ्या जागी काढावे. माथ्यावर १५ ते २० सेंमी चिकण मातीचा थर देऊन वरचे पाणी आत मुरू न देता पन्हळीने बाजूस न्यावे.

भराव १५ ते २० सेंमीच्या थरांनी ठोकत न्यावा. भिंतीलगतच्या मीटरभर पट्ट्यात जड रोलर फिरवू नये. दख्खनची काळी माती पाणी पिऊन फुगते. ती भरावास वापरू नये, मुरूम चांगला.

मर्यादा ओळखावी

केवळ स्वतःच्या वजनावर उभ्या राहणाऱ्या अशा भिंतीची उंची पुरलेल्या थरासह सुमारे एक मीटरपर्यंतच ठेवावी. त्याहून उंच भिंतीत थरांमधून मागच्या भरावात जाळीचे पट्टे पसरावे लागतात, म्हणजे मातीच भिंतीचा भाग बनते. त्यासाठी स्थापत्य अभियंत्याचा आराखडा अनिवार्य मानावा. माथ्याजवळ वाहनतळ, पाण्याची टाकी किंवा घराचा पाया असेल, तर कमी उंचीलाही हाच नियम लागू. एका उंच भिंतीऐवजी दोन बुटक्या भिंती बांधायच्या, तर त्यांतील अंतर खालच्या भिंतीच्या उंचीच्या किमान दुप्पट ठेवावे. अन्यथा वरचीचा भार खालचीवर येतो.

२९ जून २०१९ रोजी पुण्यात कोंढवा भागात मुसळधार पावसात संरक्षक भिंत कोसळून तिच्या पायथ्याशी राहणारे १५ जण मृत्युमुखी पडले. ती भिंत बागेतील नव्हती. पण भिंतीच्या खालच्या बाजूस कोण राहते, कोणाची मुले खेळतात, हा विचार प्रत्येक घरमालकाने आराखड्यापूर्वीच करावयास हवा.

खर्चाचा विवेक

अंदाजपत्रक आखताना बहुतेकांची नजर ठोकळ्यांच्या रंगाकडे आणि पोताकडे जाते, आणि काटकसर होते ती खडी, नळ व भू-वस्त्र यांत. हा क्रम उलटा असावा. दर्शनी शोभा पुढेही वाढविता येते. भिंतीमागचा निचरा मात्र भिंत उतरविल्याविना पुन्हा करता येत नाही. काम संपल्यावरही दर वर्षी पावसाळ्यापूर्वी नळाचे तोंड साफ करावे आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर त्यातून पाणी वाहते की नाही, हे पाहावे. पाणी वाहत असेल, तर भिंत आपले काम करीत आहे असे समजावे.