शटर अर्धं खाली

अगं, आधी तो हँडलर रिकामा कर. सिगटर्म आला की तुझा हँडलर लॉग लिहितो, म्यूटेक्स घेतो, कनेक्शनं बंद करत सुटतो. सिग्नल कुठल्याही ओळीवर येऊन टपकतो. एखादा थ्रेड मॅलॉकच्या आत आहे, तिथलं लॉक त्याच्याच हातात, आणि त्याच्याच डोक्यावर हँडलर बसून पुन्हा मॅलॉक मागतोय. झालं, स्वतःचीच वाट बघत बसला! माझ्या दोन रात्री यात गेल्यात. दर वेळी नव्हे, चार-पाचशे रीस्टार्टमध्ये एकदाच अडकायचं.

त्यापेक्षा मेनमध्ये, एकही थ्रेड सुरू करण्याआधी, पीथ्रेड-सिगमास्कने सिगटर्म आणि सिगइंट अडव. पुढचे थ्रेड तो मास्क घेऊनच जन्मतात. मग एकच थ्रेड सिगवेटवर बसव. तो तिथून परतला की साधा कोड चालू असतो. लॉक घे, लॉग लिही, कुणी अडवत नाही. मास्क उशिरा लावलास, तर आधी सुरू झालेल्या थ्रेडवर सिग्नल पडून अख्खी प्रोसेस जागच्या जागी आटोपते.

नंतरचं सगळं वाण्याच्या दुकानासारखं. शटर अर्धं खाली, नवीन गिऱ्हाईक नाही, आतल्यांचं उरकू दे. ॲक्सेप्टमध्ये अडकलेला थ्रेड मात्र, दुसरीकडून सॉकेट क्लोज केलं म्हणून लिनक्सवर उठत नाही. एक पाइप ठेव, पोलमध्ये सॉकेट आणि पाइप दोन्ही दे, थांबायचं ठरलं की पाइपात एक बाइट टाक.

कामाच्या रांगेवर झोपलेल्यांसाठी ‘थांबा’चा फ्लॅग रांगेच्याच म्यूटेक्सखाली बदल, आणि कंडिशन व्हेरिएबलवर ब्रॉडकास्ट कर. नुसत्या सिग्नलने एखादाच उठतो, बाकीचे घोरत राहतात आणि तू जॉइनवर ताटकळतेस.

हे सगळं मुदतीत उरक. नेहमीच्या सेटिंगला डॉकर 10 सेकंद थांबतो, कुबरनेटिस 30. मग सिगकिल, त्याला हँडलर लावताच येत नाही. म्हणून आपली मुदत त्याहून चार-पाच सेकंद कमी धर. तोवर न उरकलेली कनेक्शनं सरळ तोड.

कंटेनर शेल स्क्रिप्टने सुरू होत असेल तर शेवटच्या ओळीत एक्झेक आहे ना बघ. नसेल तर सिगटर्म शेलपाशीच जिरतो, तुझ्या प्रोग्रॅमला पत्ताच नाही.

संध्याकाळी लोड चालू ठेवून कंटेनर थांबव आणि एक्झिट कोड बघ. शून्य आला तर घरी जा. 137 आला, म्हणजे 128 अधिक 9, तर आधी ती स्क्रिप्ट उघड.